देणगी आणि वर्गणी

राजाजीनगर हा बंगळूरचा जुना कामगार विभाग. कामगार राज्य विमा योजनेचे मोठे रुग्णालय, लघुउद्योगांची औद्योगिक वसाहत आणि शेजारीच एकेकाळचा किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना, ज्याच्या जमिनीवर आता मॉल आणि उंच इमारती उभ्या आहेत. पक्षनिधीच्या मोहिमेत स्थानिक कॉम्रेडांबरोबर या भागात दारोदार फिरत असताना एका निवृत्त फिटरने पन्नास रुपये दिले, पावती नीट घडी घालून खिशात ठेवली आणि बेळगावकडच्या मराठीत विचारले, "रोख्यांचं सगळं बाहेर काढलं ते त्या प्राध्यापक-वकिलांच्या संस्थांनी. मग तुमच्या पक्षानं काय केलं म्हणायचं?"

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. निवडणूक सुधारणा हा विषय गेली पंचवीस वर्षे मुख्यतः अशा संस्थांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्याविषयी आपली भूमिका काय, हे प्रत्येक सभासदाला स्पष्टपणे सांगता आले पाहिजे.

संस्थांचे कार्य

प्रथम त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. १९९९ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था स्थापन केली. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी खटले मतदाराला कळले पाहिजेत, एवढीच त्यांची मागणी होती. मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. सत्ताधाऱ्यांनी अध्यादेश आणि पाठोपाठ कायदा करून हा निर्णय बोथट केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. आज उमेदवाराचे शपथपत्र कोणालाही पाहता येते, ते या लढ्यामुळे.

निवडणूक रोख्यांच्या बाबतीत मात्र त्या फिटरची माहिती अपुरी होती. २०१७ च्या वित्त कायद्याने रोख्यांचा मार्ग मोकळा केला. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा अधिक देणगी देऊ नये हे बंधन त्याच कायद्याने काढून टाकले. म्हणजे तोट्यातील कंपनीही देणगी देऊ शकत होती आणि देणाऱ्याचे नाव जनतेपासून गुप्त राहत होते. याविरुद्ध वरील संस्था व 'कॉमन कॉज' न्यायालयात गेल्या, तसाच आपला मार्क्सवादी पक्षही कॉ. सीताराम येचुरी यांच्या नावाने अर्जदार होता. पक्षाने एकही रोखा स्वीकारला नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर उघड झालेल्या आकड्यांनुसार सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे रोखे वटले होते आणि त्यांतील सुमारे निम्मी रक्कम एकट्या भारतीय जनता पक्षाच्या तिजोरीत गेली होती.

जुना संशय, नवी परिस्थिती

जुन्या सभासदांना आठवत असेल की १९८४ साली 'द मार्क्सिस्ट'मध्ये कॉ. प्रकाश करात यांनी परकीय पैशावर चालणाऱ्या स्वयंसेवी गटांची कठोर चिकित्सा केली होती. साम्राज्यवादाच्या व्यूहरचनेत या गटांचे स्थान काय, हा त्या लेखाचा विषय होता. तो इशारा निरर्थक नव्हता. जी संघटना सभासदांच्या वर्गणीवर न चालता प्रतिष्ठानांच्या अनुदानावर चालते, तिचा कार्यक्रम अखेरीस अनुदान देणाराच ठरवतो, हा धोका आजही आहे. याच बंगळूरमध्ये १९९९ साली राज्य सरकारने शहराच्या कारभारासाठी एक कृतिदल नेमले आणि त्याचे अध्यक्षपद इन्फोसिसचे नंदन नीलेकणी यांना दिले. निवडून आलेली महापालिका असताना शहराची दिशा कंपन्यांच्या प्रमुखांना विचारून ठरावी, ही 'सुधारणा' कोणत्या वर्गाची होती ते वेगळे सांगायला नको.

परंतु आज तोच संशय सरकारने आपल्या हातातील दंडुका केला आहे, हेही पाहिले पाहिजे. परकीय देणग्या नियमन कायदा आणीबाणीच्या काळात, १९७६ साली झाला. २०२० च्या दुरुस्तीने संस्थांवरचा फास अधिक आवळला: प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली, एका संस्थेने दुसरीला निधी देण्यास बंदी केली. आणि पक्षांचे काय? २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस व भाजप या दोन्ही पक्षांनी परकीय कंपनीशी निगडित देणग्या घेऊन याच कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. तेव्हा २०१६ च्या वित्त कायद्याने 'परकीय' या शब्दाची व्याख्याच बदलली आणि २०१८ साली ती सूट थेट १९७६ पर्यंत मागे नेली. गावात विहिरीच्या हक्कासाठी झगडणाऱ्या गटाचे परकीय अनुदान राष्ट्रद्रोह ठरते आणि राज्य करणाऱ्या पक्षाचे परकीय धन पूर्वलक्षी कायद्याने पवित्र होते! अशा वेळी संस्थांवरील दडपशाहीला आपला विरोध निःसंदिग्ध असला पाहिजे.

उघड झाले, थांबले नाही

तथापि या संस्थांच्या मार्गाची मर्यादा त्यांच्याच आकड्यांतून दिसते. शपथपत्रांच्या त्यांनी केलेल्या छाननीनुसार २००४ च्या लोकसभेत कोट्यधीश खासदार सुमारे तीस टक्के होते; २००९ मध्ये ५८, २०१४ मध्ये ८२, २०१९ मध्ये ८८ आणि २०२४ मध्ये ९३ टक्के. कर्नाटकात २०२३ साली निवडून आलेल्या आमदारांपैकी सुमारे ९७ टक्के कोट्यधीश आहेत. रुपयाची किंमत घसरली हे मान्य केले तरी कल लपत नाही. वीस वर्षे धनिकांची मालमत्ता जाहीर होत राहिली आणि वीस वर्षे विधिमंडळे धनिकांनी भरत गेली. माहितीने मतदाराला डोळे दिले. पण कष्टकऱ्याला उमेदवार होण्याचे बळ माहितीतून मिळत नाही.

न्यायालयाचा रस्ताही कोठे थांबतो ते बंगळूरनेच दाखवले. सप्टेंबर २०२४ मध्ये 'जनाधिकार संघर्ष परिषद' या संघटनेच्या तक्रारीवरून, येथील विशेष न्यायालयाच्या आदेशाने, रोख्यांच्या नावाखाली खंडणी उकळल्याचा गुन्हा केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन व इतरांविरुद्ध नोंदवला गेला. डिसेंबरमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ज्याच्याकडून पैसे उकळले तो तक्रार करत नाही, तक्रारदार स्वतः पीडित नाही, असा त्यामागचा मुख्य तर्क होता. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेलही. पण त्याचा अर्थ काय होतो? पैसे देणारी कंपनी आणि घेणारा पक्ष दोघेही संतुष्ट असतील, तर ज्या जनतेच्या धोरणांचा सौदा झाला तिला फिर्यादीची जागाच उरत नाही.

मूळ रोग जुना आहे. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय निधीस पैसे देण्याचा अधिकार आपल्या घटनापत्रात घालून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी मागितली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यानुसार ती दिली, पण ही प्रथा वाढत जाऊन लोकशाहीचाच गळा घोटील असा इशाराही दिला. पुढे १९५९ मध्ये, ज्यांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते त्या राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला आणि टाटांनी काँग्रेसबरोबर त्यालाही निधी देण्याचे ठरवले. भांडवलाने दोन्ही घोडे पोसले. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पण निवडणूक खर्चाची सार्वजनिक सोय न केल्याने काळा पैसा माजला. १९७४ साली पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खर्चात धरावा असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, तेव्हा सरकारने कायदाच बदलला; पक्षाच्या खर्चावर आजही मर्यादा नाही. १९८५ साली बंदीही उठली. आज रोखे गेले आहेत, पण कंपन्यांचे धन 'इलेक्टोरल ट्रस्ट'च्या मार्गाने वाहतेच आहे.

आपला हिशेब

म्हणून आपली मागणी उघडपणावर थांबत नाही. कंपन्यांच्या देणग्या, थेट असोत वा ट्रस्टमार्फत, बंद झाल्या पाहिजेत. पक्षांच्या खर्चाला मर्यादा हवी. आणि कॉ. इंद्रजित गुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९८ साली सुचवल्याप्रमाणे मान्यताप्राप्त पक्षांना रोख रकमेऐवजी वस्तू व सोयींच्या रूपात राज्याने निवडणूक साहाय्य दिले पाहिजे. या लढ्यात संस्था जितके अंतर बरोबर येतील तितके त्यांचे स्वागत करावे.

मात्र एका ठिकाणी आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले, तेव्हा आपल्या पक्षानेही विरोध केला. पक्षांतर्गत चर्चा शत्रूच्या हाती जाऊ नये, हे कारण योग्यच होते. परंतु चर्चेचे दप्तर वेगळे आणि पैशाचा हिशेब वेगळा. आयकर खात्याला व निवडणूक आयोगाला आपण जो हिशेब सादर करतो, तो जिल्ह्याजिल्ह्यांत फलकावर लावायला आपल्याला संकोच का वाटावा? लाखो पन्नाशींनी उभा राहिलेला निधी हा आपला सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे, आणि तोच आपण कपाटात ठेवतो.

पक्षाची कागदपत्रे मराठीत आणताना रोज जाणवते की इंग्रजीचा एकच शब्द ज्या दोन गोष्टींना पुरतो, त्यांना आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. देणगी वरून येते आणि देणाऱ्याचे नाव मोठे करते. वर्गणी बरोबरीच्यांत गोळा होते आणि देणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क देते. राजाजीनगरच्या त्या फिटरने पन्नास रुपये दिले आणि लगेच जाब विचारला. तो वर्गणीदाराचा हक्क बजावत होता. पुढच्या मोहिमेत त्याच्या दारी जाताना पावतीपुस्तकाबरोबर गेल्या वर्षीचा हिशेबही हातात असावा.