थ्री-नॉट-थ्रीची जन्मपत्रिका

एनसीसीच्या परेडला उभं राहिलेल्या कितीतरी मुलामुलींच्या हाती एके काळी एक लाकडी अंगाची जुनी रायफल यायची. 'सावधान' म्हटलं की ती पायाशी, 'सलामी शस्त्र' म्हटलं की छातीसमोर. जवळजवळ चार किलोंचं ते ओझं. तासाभरात खांदा भरून यायचा आणि मग लक्ष जायचं ते तिच्या लोखंडावर ठोकलेल्या बारीक अक्षरांकडं. एक मुकुट, एखादं साल, दोन-चार इंग्रजी अक्षरं. बहुतेकांना वाटायचं, असेल काहीतरी सरकारी शिक्का! पण ती अक्षरं म्हणजे त्या रायफलीची जन्मपत्रिका असते. ती वाचता आली, तर रायफल कुठं जन्मली, कुठं दुरुस्त झाली आणि तिच्यातून गोळी झाडणं सुरक्षित आहे की नाही, हे सारं कळतं.

ही रायफल म्हणजे ली-एनफिल्ड. पोलिसांपासून खेड्यातल्या पोरांपर्यंत सर्वांच्या तोंडी असलेलं तिचं नाव 'थ्री-नॉट-थ्री'. 'ली' हे जेम्स पॅरिस ली या संशोधकाचं आडनाव, तर 'एनफिल्ड' हे लंडनजवळच्या सरकारी कारखान्याचं गाव. तिची आखूड आवृत्ती १९०२ च्या अखेरीस मंजूर झाली आणि सर्वांत गाजलेली 'मार्क तीन' १९०७ मध्ये आली. दोन महायुद्धांत ती लाखोंनी बनली. युद्धं संपली, नवी हत्यारं आली आणि या रायफली जुन्या लष्करी मालाच्या बाजारात जगभर पसरल्या.

पत्रिका वाचायची सुरुवात दस्त्याच्या मुळाशी होते. लाकडी दस्ता जिथं पोलादात बसतो, तिथल्या कड्याच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल असं सारं एकाखाली एक कोरलेलं असतं. 'एनफिल्ड' असेल तर इंग्लंडचा सरकारी कारखाना. 'बी. एस. ए.' म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. पुढं मोटारसायकलींमुळं घरोघरी पोचलेली कंपनी ती हीच! 'लिथगो' असेल तर रायफल ऑस्ट्रेलियाची.

आणि 'इशापूर' असेल तर ती आपली, बंगालमधली. इथं एक गंमत आहे. इंग्लंडच्या रायफलीवर नुसतं 'जी. आर.' म्हणजे राजा जॉर्ज. इशापूरच्या रायफलीवर मात्र 'जी. आर. आय.' हे शेवटचं 'आय' सम्राटपदाचं, कारण जॉर्ज इंग्लंडचा राजा असला तरी हिंदुस्थानचा सम्राट होता. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, ते 'आय' गेलं आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह व 'आर. एफ. आय.' म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर अशी अक्षरं आली. एका राष्ट्राचं सत्तांतर असं चार बोटांच्या पोलादावर उमटलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या 'नंबर चार' या नव्या मॉडेलची कुळं आणखी वेगळी. 'लाँग ब्रँच' असेल तर कॅनडा. 'यू. एस. प्रॉपर्टी' असा ठसा दिसला तर माणूस चक्रावतो, कारण अमेरिकी सैन्यानं ही रायफल कधी आपली म्हणून वापरली नाही. पण १९४१ च्या 'लेंड-लीज' कायद्याखाली अमेरिकेनं ब्रिटनला युद्धसामग्री पुरवली. सॅव्हेज कंपनीनं त्यात सुमारे १० लाख रायफली बनवल्या. मालकी कागदोपत्री अमेरिकेची, म्हणून तो ठसा!

जन्म समजला, पुढं येतात आयुष्यातले खाचखळगे. 'एफ. टी. आर.' आणि पुढं साल असेल, तर त्या वर्षी रायफल कारखान्यात पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा तपासली गेली. जुना क्रमांक खोडून शेजारी नवा ठोकलेला दिसला, तर तो सुटा भाग दुसऱ्या रायफलीवरून आलेला. नळीखालच्या लाकडात आडवा स्क्रू दिसला, तर ती बहुधा भारतातल्या दुरुस्तीची खूण. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरनं तो बसवला. बाणाच्या टोकाखाली 'आय' असेल तर मालक हिंदुस्थान सरकार. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर सरकारनं ती रायफल विकून टाकलेली.

हे सारं केवळ हौसेचं नाही. यात जिवाचा प्रश्न आहे. बोल्टच्या दांडीमागचा क्रमांक आणि रायफलीच्या धडावरचा क्रमांक सारखा हवा. बोल्ट काडतुसाला मागून रोखून धरतो आणि तो त्या-त्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो. परका बोल्ट बसवला आणि फट जास्त राहिली, तर काडतुसाचं पितळ फाटून तापलेला वायू थेट झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो.

'डी. पी.' ही दोन अक्षरं तर प्रत्येकानं ओळखावीत. 'ड्रिल पर्पज', म्हणजे फक्त कवायतीसाठी. असल्या रायफली झिजलेल्या, नापास झालेल्या असतात. कित्येकींच्या नळीला मुद्दाम भोक पाडलेलं असतं. त्यांत जिवंत काडतूस घालणं म्हणजे मरणाला आवतण.

काडतुसाचाही घोटाळा होतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरनं याच घडणीची, पण ७.६२ मिलिमीटर काडतुसाची '२ ए' रायफल बनवली. लांबून दोघी सख्ख्या बहिणी, पण एकीचं काडतूस दुसरीला चालत नाही. दस्त्याच्या कड्यावरचा '७.६२' हा आकडा वाचणं हाच उपाय. .३०३ च्या काडतुसावरही पत्रिका असतेच. बुडाशी बाणाभोवती 'के' आणि 'एफ' असतील, तर ते पुण्याजवळच्या खडकीचं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा.

जिथं खरं नाणं, तिथं खोटंही आलंच. पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेल गावात कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातानं ली-एनफिल्डच्या नकला घडवत आले. हातात कसब मोठं, पण अनेकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यामुळं कुठं 'एन' अक्षर उलटं, कुठं 'एनफिल्ड'चं स्पेलिंग भलतंच. कुठं व्हिक्टोरिया राणीची 'व्ही. आर.' अक्षरं आणि साल मात्र राणी १९०१ मध्ये वारल्यानंतरचं! २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी बाजारातून अशा कितीतरी रायफली घेतल्या. अमेरिकी कायद्यात १८९८ पर्यंतचं हत्यार पुराणवस्तू ठरतं, म्हणून विक्रेत्यांकडं साल नेमकं त्याआधीचं! पण आखूड ली-एनफिल्ड १९०२ पूर्वी नव्हतीच. १८९६ सालची आखूड रायफल म्हणजे आईच्या आधी जन्मलेलं लेकरू. अशा नकलांचं पोलादही भरवशाचं नसतं. भिंतीवर टांगायला ठीक, खांद्याला लावायला नव्हे.

भारतात सामान्य नागरिकाला .३०३ बाळगता येत नाही. हा बोअर प्रतिबंधित आहे. पण पोलिसांनी ती दीर्घकाळ वापरली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात स्वयंचलित रायफलींसमोर उभ्या राहिलेल्या रेल्वे पोलिसांकडं हीच जुनी थ्री-नॉट-थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला.

एखाद्या संग्रहालयात काचेमागं ती दिसली, तर दस्त्याच्या मुळाशी जरा वाकून पाहावं. मुकुट आहे की सिंह, साल कोणतं, 'एफ. टी. आर.' किती वेळा. कुणाकुणाच्या खांद्यावरून ती इथवर आली असेल, याचा अंदाज तेवढ्यानंही येतो.