बाळंतपणाचा खर्च कोणाच्या नावे?

गोंदिया शहरालगतचे नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे साऱ्या पंचक्रोशीला परिचित आहे. या भागाचा व्यापार भात, तेंदूपत्ता आणि विडी या तीन वस्तूंवर उभा राहिला. गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन झाले, राईस मिल आणि विडीचे कारखाने निघाले, आणि दूरदूरच्या व्यापारी घराण्यांनी येथे पेढ्या थाटल्या. मात्र या तिन्ही वस्तू बाजारात येण्यापूर्वी त्यांना स्त्रीचा हात लागलेला असतो. रोवणीच्या चिखलात तीच वाकते, उन्हाळ्यात पहाटे तेंदूची पाने तीच खुडते आणि पडवीत सूप मांडीवर घेऊन विडीही तीच वळते.

ही स्त्री बाळंत झाली की काम थांबते आणि कामाबरोबर मजुरीही थांबते. त्या थांबलेल्या आठवड्यांचा खर्च कोणाच्या नावे लिहायचा? माता आणि बालक यांच्याविषयीच्या शासकीय धोरणाचा इतिहास बराचसा या एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे. व्यापारी घराण्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे, कारण या हिशेबात दुकानदार, पेढीवाले आणि कारखानदार यांचे नाव वारंवार आलेले आहे.

एकोणिसाव्या शतकात हा विषय दानधर्माच्या खात्यात होता. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने १८८५ साली स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभारण्यात आला. पुढच्याच वर्षी मुंबईत शेठ पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांचे व मुलांचे रुग्णालय सुरू झाले. त्याच १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यकीय पदवीधर झाल्या. दुर्दैवाने मायदेशी परतल्यानंतर थोड्याच अवधीत, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागून रखमाबाईंनी लंडनला शिक्षण घेतले आणि सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि दानाची पोहोच रुग्णालयाच्या भिंतींपर्यंत होती. खेड्यात बाळंतपण सुईणीच्या हातीच राहिले. शिवाय उपचार मोफत झाला तरी बुडालेली मजुरी भरून येत नव्हती. उपचाराचा खर्च आणि विश्रांतीचा खर्च हे दोन वेगळे आकडे आहेत, हे तेव्हा फारसे कोणी मांडले नव्हते.

ते मांडले गेले गिरण्यांमुळे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत प्रसूतीच्या काळात स्त्री-कामगारांना रजा व आर्थिक साहाय्य मिळावे असा ठराव झाला. त्यानंतर कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात तशा आशयाचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. पण विषय मिटला नाही. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात तो पुन्हा आला. १९२८ साली तेथे झालेल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेली भूमिका आजही विचार करण्यासारखी आहे. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळण्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा वस्तुतः सरकारने उचलावा, असे त्यांनी मान्य केले. त्याचबरोबर, ज्या मालकाला स्त्रीच्या श्रमाचा लाभ होतो त्याला या जबाबदारीतून पूर्णपणे मोकळे होता येणार नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. देशातील तो अशा प्रकारचा पहिला कायदा होय. त्यात खर्च मात्र मालकाच्याच नावे पडला.

नागरा त्या वेळी मुंबई प्रांतात नव्हते. भंडारा जिल्हा मध्य प्रांतात मोडत असे आणि गोंदियाचा सारा परिसर त्याच जिल्ह्यात होता. मध्य प्रांतानेही १९३० साली आपला प्रसूती लाभ कायदा केला. त्याचा उपयोग कारखान्यांतील स्त्री-कामगारांना होता. विडी वळणारी स्त्री त्या चौकटीत बसत नव्हती. तिचे काम लहान शेडमध्ये किंवा घरीच चाले. विडी, लाख आणि कातडी कमावण्याच्या अशा लहान कारखान्यांसाठी प्रांताने १९३७ साली वेगळा कायदा केला खरा, पण घरी बसून विडी वळणाऱ्या स्त्रीपर्यंत प्रसूतीचा लाभ पोहोचायला आणखी तीन दशके जावी लागली.

१९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा झाला आणि बारा आठवड्यांची पगारी रजा ठरली. त्यानंतर १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने एक महत्त्वाचे पाऊल टाकले: घरबसल्या विडी वळणाऱ्या स्त्रीलाही, काही फेरफारांसह, हा प्रसूती लाभ लागू केला. कागदावर पाहता हे मोठे यश होते. कारखान्यात पाय न ठेवणारी, ठेकेदाराकडून पाने व तंबाखू घेऊन विड्यांचे कट्टे परत देणारी स्त्री कायद्याच्या नजरेत कामगार ठरली.

प्रत्यक्षात गाडी अडली ती नोंदीपाशी. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ऐंशी दिवस काम केल्याचे दिसले तरच हा लाभ मिळतो. ठेकेदाराच्या वहीत नाव नवऱ्याचे किंवा सासूचे असेल, वळलेल्या विड्या साऱ्या घराच्या म्हणून एकत्र मोजल्या जात असतील, तर ऐंशी दिवस कोणाचे, हे सिद्ध करणार कोण? विडी वळते सून आणि खाते चालते सासूच्या नावे, असे असेल तर कायदा असूनही सुनेच्या पदरी काही पडत नाही. हिशेबाच्या वहीतील एका नावावर एका बाळंतिणीची विश्रांती अवलंबून असते. वही लिहिणाऱ्याला याची जाणीव असतेच असे नाही.

दरम्यान उपचाराच्या खर्चाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचे चित्र मांडले, तेव्हा दर हजार बाळंतपणांमागे सुमारे वीस माता दगावत असल्याचा अंदाज होता. वर्षाकाठी सुमारे दोन लाख स्त्रिया गर्भारपण व प्रसूतीशी निगडित कारणांनी मृत्यू पावत. आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे आणि माणसाची पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून त्याला उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तत्त्व या समितीने ठामपणे मांडले. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, उपकेंद्रे आणि परिचारिका आल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला.

या वाटचालीत विदर्भाचा वाटा लक्षणीय आहे. गोंदियाच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून वेळीच औषध देणे ही कामे या आरोग्यदूत घरी जाऊन करू लागल्या. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे त्यातून दिसले. मोठी इमारत नसतानाही बाळ वाचू शकते, हे खेड्यातील स्त्रियांनी दाखवून दिले. २०११ साली घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला.

योगायोगाने १९९९ हेच गोंदिया जिल्ह्याच्या जन्माचे वर्ष. १ मे रोजी भंडाऱ्यातून तो वेगळा झाला. नंतरच्या काळात धोरणाचा वेग वाढला. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. २०११ पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार आणि ने-आण मोफत झाली. गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयाला २०१६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. महाराष्ट्रात २००१ ते २००३ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हे प्रमाण ३३ पर्यंत खाली आले. उपचाराचा आकडा मातेच्या नावावरून बऱ्याच अंशी समाजाच्या नावे लिहिला गेला, त्याचे हे फळ आहे.

विश्रांतीचा आकडा मात्र अजून बराचसा तिच्याच नावे आहे. २०१७ साली पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ही तरतूद कारखान्यांना आणि दहा किंवा अधिक माणसे कामावर असणाऱ्या दुकानांना व आस्थापनांना लागू आहे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. दुकानांसाठीची दहाची अट तेथेही कायम आहे. कापडाच्या दुकानात साड्या दाखवणारी, किराणा दुकानात धान्य पाखडणारी, सराफाच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांभाळणारी स्त्री बहुधा अशा ठिकाणी असते जिथे दहा माणसे कधीच नसतात. तिला सरकारी योजनेतून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळू शकतात. २६ आठवड्यांवर ते विभागले तर दिवसाला अठ्ठावीस रुपयेही पडत नाहीत.

दुकानदाराची बाजूही तितक्याच निष्पक्षपणे पाहिली पाहिजे. बारा माणसांच्या दुकानाने एका कामगाराचा सहा महिन्यांचा पगार द्यायचा आणि तिच्या जागी दुसऱ्या व्यक्तीलाही पगार द्यायचा, हे सोपे नाही. सारा खर्च एकट्या मालकावर टाकला की तो नव्या नवरीला कामावर घ्यायलाच कचरतो. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढील दशकांत घटत गेले. त्याची कारणे अनेक असली तरी स्त्री-कामगारांसाठीच्या कायद्यांचा भार टाळण्याची वृत्ती हेही त्यांतले एक मानले जाते. म्हणजे ज्या कायद्याने बाळंतिणीला आधार द्यायचा, त्याच्याच भीतीने तिची नोकरी जाण्याचा धोका निर्माण होतो.

यावर उपाय आहे, आणि तो व्यापाऱ्यांना परका नाही. जुन्या बाजारपेठांत धान्याच्या प्रत्येक पोत्यामागे धर्मादायासाठी किरकोळ रक्कम बाजूला काढली जाई. कोणाचीही तिजोरी रिकामी होत नसे आणि त्यातून पांजरपोळ, पाणपोया, धर्मशाळा चालत. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हीच रीत स्वीकारली: मालक व कामगार दोघांनी थोडी थोडी वर्गणी भरायची आणि प्रसूतीच्या काळातील वेतन महामंडळाने द्यायचे. त्यामुळे स्त्रीला कामावर ठेवले म्हणून एखाद्याच दुकानावर भार येत नाही. विडी कामगारांच्या कल्याणनिधीसाठीही विड्यांवर असाच उपकर बसवला गेला होता. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, २०१७ साली, तो रद्द झाला.

जिथे कायद्याची ही छत्री पोहोचत नाही, तिथे पेठेला स्वतःहून ती उघडता येईल. उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहावा. शंभर लहान दुकानांनी दरमहा पन्नास रुपये एकत्र ठेवले तर वर्षाला साठ हजार रुपये जमतात. महिना दहा हजार रुपये पगार असणाऱ्या स्त्रीला बारा आठवड्यांचे वेतन द्यायचे तर सुमारे अठ्ठावीस हजार लागतात. म्हणजे एवढ्या वर्गणीत दरवर्षी दोन बाळंतिणींची तीन महिन्यांची चिंता मिटते, आणि कोणत्याही एका दुकानावर महिन्याला पन्नास रुपयांहून अधिक बोजा पडत नाही. याच्या जोडीला तीन गोष्टी विनाखर्च होण्याजोग्या आहेत: काम करणाऱ्या स्त्रीचे नाव पहिल्या दिवसापासून तिच्याच नावे वहीत लिहिणे, प्रसूतीनंतर तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवणे, आणि परतल्यावर बाळाला दूध पाजण्यासाठी दिवसातून दोनदा वेळ देणे. कायद्याच्या कक्षेतील आस्थापनांना या शेवटच्या दोन गोष्टी बंधनकारकच आहेत. लहान दुकानाला त्या आपखुशीने करता येतात.

दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते. पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहून झाल्यावर, खाती मांडताना, पेठेच्या या सामाईक निधीसाठीही एक पान राखून ठेवता येईल. त्यावरची पहिली नोंद पन्नास रुपयांची असेल.