पुन्हा दाबा, काका!

अर्धवट कामं करणाऱ्या माणसांवर माझा मुळीच राग नाही. तसा धरला तर पहिलं भांडण घरातल्या आरशाशीच करावं लागेल. माझा राग आहे तो अर्धवट काम करून स्वस्थ बसणाऱ्या प्रोग्रॅमवर, आणि "पुन्हा दाबा, काका" म्हणणाऱ्या तो लिहिणाऱ्या पोरांवर.

गच्चीच्या दुरुस्तीच्या वर्गणीच्या ६१२ पावत्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम सोसायटीचा खजिनदार म्हणून (म्हणजे सभेला उशिरा पोचलो म्हणून) माझ्या गळ्यात पडलं. प्रोग्रॅम शेजारच्या इमारतीतल्या हुशार पोराचा. बटण दाबलं आणि चारशे पावत्या चढल्यावर इंटरनेट गेलं. आल्यावर हुकुमाप्रमाणे पुन्हा दाबलं. पावत्या झाल्या १०१२! मग पोरानं एकाच नावाच्या, एकाच रकमेच्या सगळ्या पावत्या उडवून एकेक ठेवली. तळमजल्यावरच्या आजींनी पेन्शनमधून मागचा राहिलेला आणि चालू, असे दोन सारखे हप्ते एकाच दिवशी भरले होते. दोनाच्या चार झाल्या आणि उरली एक. आजी नोटीस-बोर्डावर थकबाकीदार म्हणून झळकल्या. बोलल्या काहीच नाहीत. पावत्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या, एवढंच.

पोरगा म्हणतो, दोष इंटरनेटचा. साफ चूक! इंटरनेट जाणारच, हे धरूनच प्रोग्रॅम लिहायचा असतो. त्यासाठी ट्रँझॅक्शन नावाची सोय आहे. आपल्या लग्नासारखीच. अंतरपाट दूर होण्याआधी मांडवातली वीज गेली, म्हणून नवरीचा डावा हात सासरी आणि उजवा माहेरी, असं होत नाही. लागलं तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. तसंच सगळ्या पावत्या आत गेल्यावर एकदाच 'कमिट' म्हणायचं. त्याआधी जोडणी तुटली तर डेटाबेस आपणहून सारं पुसून टाकतो. हा दाखला माझ्या पदरचा नव्हे. जिम ग्रे या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९८१ साली ट्रँझॅक्शनवरच्या निबंधात ख्रिस्ती लग्नाचंच उदाहरण दिलं होतं. पुढे १९९८ साली त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आमच्या पोराला अजून मिळायचा आहे.

"पण काका, लाखभर पावत्या असल्या तर?" तर हजार-हजारांचे गठ्ठे कर बाबा, प्रत्येकाचं कमिट वेगळं, आणि कुठला गठ्ठा गेला त्याची नोंद ठेव.

खरी मेख पुढेच आहे. 'कमिट' म्हटलं आणि उत्तर यायच्या आत जोडणी तुटली, तर? काम झालं की नाही, कुणाला ठाऊक! मनीऑर्डरची पोच आली नाही म्हणून कुणी लगेच दुसरी मनीऑर्डर करत नसे. आधी चौकशी करी. इथे उपाय त्याहून सोपा: प्रत्येक पावतीला तिचा नंबर हवा, आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसनं तेवढी पावती मुकाट्यानं सोडून पुढे जावं. मग खुशाल दहा वेळा दाबा.

पोरानं प्रोग्रॅममध्ये नावं घेतली, रकमा घेतल्या, तारखा घेतल्या. नंबर तेवढा गाळला. आजींच्या पिशवीतल्या दोन्ही पावत्यांवर मात्र तो लाल शाईत ठळक छापलेला होता. छापखानेवाल्याला जे कळलं होतं, ते कळायला आम्हाला एका म्हातारीला बोर्डावर लटकवावं लागलं. नोटीस मी स्वतः काढली. माफी मागायला मात्र पोराला बरोबर नेलं. तेवढं ट्रँझॅक्शन तरी अर्धवट राहायला नको.