इंग्रजीत धंद्याचे पैसे कुठे अडकतात? विशेषणाच्या शेपटीत!



कोटेशनच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, माल चांगला बनतो, रेटही परवडतो, पण कंपनीला इंग्रजीत मेल टाकायचा म्हटलं की हात अडतो. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?"

माझं मत विचाराल तर फक्त धंद्यासाठी लावत असाल तर नका लावू. हौस म्हणून शिका, मुलांबरोबर शिका, त्याला माझी ना नाही. पण क्लासमध्ये ज्या चुका सुधारतात त्या चुकांनी कुणाचं दुकान बंद पडत नाही. ज्या चुकांनी पैसे जातात, त्या तिथे शिकवतच नाहीत.

मुद्दा असा आहे. इंग्रजीतलं विशेषण बऱ्याचदा एकटं काही सांगत नाही. त्याच्या मागे एक छोटी शेपटी असते, टू, फॉर, ऑफ, फ्रॉम, बाय, ॲट. शाळेत ह्यांना प्रिपोझिशन म्हणायचे. आपल्या मराठीत हे काम ला, ने, शी, वर, साठी, कडून करतात. फरक एवढाच की आपण ते नामाच्या मागे चिकटवतो आणि इंग्रजीवाले नामाच्या आधी ठेवतात. त्यामुळे आपण मराठीचं शेपूट उचलून तसंच इंग्रजीला लावतो. 'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी'. 'तिच्याशी लग्न झालंय' म्हणून 'मॅरिड विथ हर'. 'हिशोबात हुशार' म्हणून 'गुड इन अकाउंट्स'. पुस्तकाप्रमाणे तिथे अनुक्रमे विथ, टू आणि ॲट पाहिजे.

आता मला सांगा, तुम्ही 'गुड इन अकाउंट्स' म्हणालात म्हणून कुठला ग्राहक ऑर्डर रद्द करेल? समोरच्याला अर्थ पोचला, विषय संपला. खुद्द इंग्रजांचंही ह्यात एकमत नाही बरं का. 'डिफरंट'च्या पुढे सगळीकडे फ्रॉम चालतं, पण ब्रिटनमध्ये लोक सर्रास टू म्हणतात आणि अमेरिकेत दॅन. ह्या ढिगातल्या चुकांची लाज सोडून द्या.

दुसरा ढीग वेगळा आहे. तिथे शेपटी बदलली की पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात.

'ड्यू' घ्या. आपल्या खतावणीत दोन शब्द असतात, येणे आणि देणे. इंग्रजीत दोन्हीकडे 'ड्यू'च. 'अमाउंट ड्यू फ्रॉम यू' म्हणजे तुमच्याकडून येणे. 'अमाउंट ड्यू टू यू' म्हणजे तुम्हाला देणे. ग्राहकाने स्टेटमेंट पाठवलं, त्यात 'ड्यू टू यू 42,000' असं लिहिलंय आणि तुमच्या वहीत 51,000 येणे दिसतंय. तो 42,000 च कबूल करतोय. तुम्ही 'ओके, थँक्यू' असं उत्तर टाकलंत की उरलेल्या 9,000 साठी भांडताना तेच 'ओके' तुम्हाला आडवं येणार. आणि ह्याच 'ड्यू टू'चा तिसरा अर्थही आहे, 'डिले ड्यू टू रेन', म्हणजे पावसामुळे उशीर. त्यामुळे मागे रक्कम आहे की कारण, ते बघूनच अर्थ लावायचा.

मग करासाठी 'इन्क्लुझिव्ह ऑफ' आणि 'एक्सक्लुझिव्ह ऑफ'. दुकानातल्या कुठल्याही पाकिटावर एमआरपीच्या शेजारी सगळे कर धरून असल्याचं छापलेलं असतं, त्यामुळे सामान्य माणसाच्या डोक्यात पक्कं बसलंय की सांगितलेला भाव म्हणजे शेवटचा भाव. तुम्ही मात्र कोटेशनमध्ये नुसतं 'प्राइस 1,00,000' लिहिता आणि मनात धरता की 18 टक्के जीएसटी वेगळा. ग्राहक म्हणतो, मी लाखच देणार. आता त्या लाखातूनच कर काढायचा म्हटलं तर मूळ किंमत राहते साधारण 84,746 आणि 15,254 कर म्हणून भरायचे. छोट्या ऑर्डरमध्ये नफाच तेवढा नसतो हो! 'एक्सक्लुझिव्ह ऑफ जीएसटी', तीन शब्द. फुकट आहेत, लिहा.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त घात करणारी जोडी म्हणजे 'सब्जेक्ट टू'. बिलबुकाच्या तळाशी 'सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन' आपण वर्षानुवर्षं छापतो. वाद झाला तर न्यायालय कुठलं, एवढंच ते सांगतं. (कोल्हापुरात बसून दुसऱ्याच्या बिलबुकाची नक्कल केल्यामुळे तिथे मुंबई छापलेलं नाही ना, तेवढं आज बघून घ्या.) खरी गंमत ग्राहकाच्या मेलमध्ये असते. 'युवर कोटेशन इज ॲक्सेप्टेड सब्जेक्ट टू ॲप्रूव्हल ऑफ सॅम्पल.' आपण वाचतो 'ॲक्सेप्टेड', पेढे वाटतो आणि कच्चा माल उचलतो. अहो, त्या वाक्यात ऑर्डर अजून आलेलीच नाही! सॅम्पल पसंत पडलं तर ऑर्डर, असं ते वाक्य आहे. आपला 1872 चा करार कायदासुद्धा कलम 7 मध्ये हेच सांगतो की स्वीकृती बिनशर्त पाहिजे. अट घातलेल्या होकाराच्या जोरावर उधारीने माल भरू नका. आधी सॅम्पल पाठवा, 'ॲप्रूव्ह्ड' असा मेल हातात घ्या, जमलं तर ॲडव्हान्स घ्या, मग दुकानदाराकडे जा.

हेच हत्यार तुम्हालाही वापरता येतं. तेलाचे, सुताचे, पत्र्याचे भाव हलत असतील तर 'प्राइसेस सब्जेक्ट टू चेंज' एवढंच लिहून चालत नाही, समोरचा घाबरतो. त्याऐवजी 'व्हॅलिड फॉर 15 डेज फ्रॉम' आणि पुढे कोटेशनची तारीख. नुसतं 'फॉर 15 डेज' लिहिलंत तर कधीपासून, ह्यावर पुन्हा वाद.

'पेएबल'चं तसंच. पेएबल टू म्हणजे पैसे कुणाला मिळणार, पेएबल बाय म्हणजे कुणी भरायचे. 'फ्रेट पेएबल बाय बायर' म्हणजे गाडीभाडं घेणाऱ्याने द्यायचं. आणि मुदतीच्या वेळी 'फ्रॉम' बघा: पेएबल विदिन 45 डेज फ्रॉम काय? बिलाच्या तारखेपासून, माल स्वीकारल्यापासून, की त्यांच्या पुढच्या ग्राहकाने पैसे दिल्यापासून? उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगाची उद्यम नोंदणी असेल, तर 2006 चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढची मुदत त्याला मान्य नाही.

हातकाम करणाऱ्या ताईंनो, तुमच्यासाठी एक खास. गोधडी असो, बांगडी असो की दिवाळीचा आकाशकंदील, 'आयडेंटिकल टू सॅम्पल' कधी लिहून देऊ नका. हाताने केलेला दुसरा नग हुबेहूब पहिल्यासारखा येत नाही. 'सिमिलर टू सॅम्पल' लिहा आणि रंगात, मापात किती फरक चालेल ते आकड्यात टाका. इथे शेपटी तीच आहे, पण अख्खी जोडी तोलून घ्यायची. तसंच 'रिप्लेसमेंट फ्री ऑफ कॉस्ट' म्हटलंत की कुरिअरसुद्धा तुमच्याच गळ्यात पडू शकतं. कुरिअर त्यांचं असेल तर ते वेगळं लिहा.

"पण सर, आता मोबाइलच इंग्रजी लिहून देतो की!" देतो ना, माझ्यापेक्षा छान देतो. तुम्ही सांगितलंत की 'चांगला प्रोफेशनल मेल लिही', तर तो व्याकरणात एकही चूक करणार नाही. पण गाडीभाडं कुणी द्यायचं हे त्याला माहीतच नाही. तो स्वतःच्या मनाने 'इन्क्लुझिव्ह ऑफ डिलिव्हरी' घालून मोकळा होईल आणि वाक्य इतकं गुळगुळीत असेल की तुम्ही न वाचता सेंड दाबाल.

म्हणून सेंड दाबायच्या आधी मेलमध्ये ड्यू, सब्जेक्ट, इन्क्लुझिव्ह, पेएबल, व्हॅलिड, फ्री, लाएबल, रिस्पॉन्सिबल असे शब्द शोधा. प्रत्येकाच्या मागची शेपटी पकडा आणि मराठीत विचारा: कुणाला, कुणी, कशापासून, काय धरून? उत्तर येत नसेल तर सरळ फोन लावा. "साहेब, गाडीभाडं कुणाकडे?" हे मराठीत किंवा हिंदीत विचारायला कसली लाज? ते म्हणाले "आमच्याकडे", की लगेच एका ओळीचा मेल टाका: 'ॲज डिस्कस्ड टुडे, फ्रेट इज पेएबल बाय यू.'