गूळ, काकवी की साखर? बंदरावर कशाला काय म्हणतात त्यावर उसाचा पैसा

दौंड / शिरूर : ऊस एकाच फडातला. कारखान्यात गेला की त्याची साखर आणि मळी होते, राहू-केडगाव पट्ट्यातल्या गुऱ्हाळावर गेला की गूळ नाहीतर काकवी. घरात सगळं गोडच. पण कस्टमच्या कागदावर या चारही मालांची घरं वेगळी आहेत, आणि घर बदललं की कर बदलतो. कधी कधी तर माल बाहेर जाईल का नाही, हेच बदलतं.

जगातल्या बहुतेक देशांत मालाला नंबर देण्याची एकच पद्धत चालते. साखरेचं प्रकरण १७ वं. उसाची आणि बीटची घट्ट साखर १७०१ मध्ये, ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि पाक-सिरप १७०२ मध्ये, मळी १७०३ मध्ये, गोळ्या-मिठाई १७०४ मध्ये. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे दोन भारताने आपले जोडलेत.

गूळ बसतो १७०१ मध्येच, साखरेच्या शेजारी. २०१२ पासून त्याला वेगळी खोली मिळाली. अट अशी की माल सेंट्रीफ्यूगल मशीनमध्ये न फिरवता केलेला हवा, मळीचा अंश त्यातच राहिलेला हवा, आणि पोलॅरिमीटरवर त्याचं रीडिंग ६९ किंवा त्याहून जास्त पण ९३ च्या आत हवं. कारखान्याचे केमिस्ट रसाचा ‘पोल’ काढतात ना, तेच हे मोजमाप. कच्ची साखर म्हणजे ९९.५ च्या खालची.

याचा फरक केवढा पडतो ते २०२२ मध्ये दिसलं. १ जूनपासून केंद्राने साखरेच्या निर्यातीवर बंधन आणलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते पुढील आदेशापर्यंत वाढवलं. कच्ची, पांढरी, रिफाइंड साखर परवानगीशिवाय बाहेर काढता येईना. त्या आदेशात साखरेचे नंबर होते, गुळाचे नव्हते. म्हणजे गुळाची वाट मोकळी राहिली. मळीवर मात्र १८ जानेवारी २०२४ पासून ५० टक्के निर्यात शुल्क बसवलं होतं, कारण सरकारला ती इथेच इथेनॉलसाठी हवी होती.

आता इथली दुखरी गोष्ट. कढईत साखर ओतून गूळ काढणं या पट्ट्यात कुणाला नवं नाही. रंग उजळतो, ढेप चांगली बसते, वजन वाढतं. अन्न सुरक्षेच्या कायद्यात ती भेसळ आहेच, पण निर्यातीला वेगळा धोका आहे. साखर वाढली की पोल चढतो. पिशवीवर ‘गूळ पावडर’ आणि आत निम्मी साखर असा माल तपासणीत सापडला, तर तो गूळ कशावरून, हा प्रश्न येणारच. एकाने केलेल्या कामाचा संशय मग चुलवाणावर राबून चोख गूळ काढणाऱ्यालाही भोवतो.

नंबरातली फट शोधणारे जगभर आहेत. अमेरिकेत कोट्याबाहेरच्या साखरेवर जबर कर असतो. पण सिरपमध्ये साखरेव्यतिरिक्त विरघळलेले पदार्थ ६ टक्क्यांहून जास्त असले, तर ते कोट्यात धरत नसत. हार्टलँड बाय-प्रॉडक्ट्स या कंपनीने कॅनडात साखरेच्या पाकात मळी मिसळून तो मिशिगनला आणला आणि तिथे मळी परत काढून टाकली. वेगळी केलेली मळी पुन्हा कॅनडात! १९९५ मध्ये कस्टमने याला हिरवा कंदील दिला, १९९९ मध्ये फिरवला, २००१ मध्ये अपील कोर्टाने कस्टमचं म्हणणं धरलं. अलीकडे थायलंडहून चीनमध्ये साखरेऐवजी सिरप आणि मिक्स पावडर जात होती. डिसेंबर २०२४ मध्ये चीनने ती थांबवली.

काकवीचा किस्सा आपल्याकडचाच. जीएसटीत पातळ गुळावर, म्हणजे ‘राब’वर १८ टक्के कर लागत होता, तर सुटी ढेप करमुक्त. आटवायचा थोडा आधी थांबला म्हणून १८ टक्के! फेब्रुवारी २०२३ च्या जीएसटी परिषदेत हे दुरुस्त झालं. सुट्या राबवर शून्य, पॅकबंद आणि लेबल लावलेल्यावर ५ टक्के. बाटलीत भरून काकवी विकणाऱ्या बचत गटांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

हेच नाव-गाव शेतकऱ्याच्या बिलापर्यंतही येतं. मे २०२५ च्या साखर नियंत्रण आदेशाने रोज ५०० टनांवर गाळप करणारे खांडसरी कारखाने कायद्याखाली आणले, म्हणजे त्यांना एफआरपी द्यावी लागणार. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. आपल्याकडची गुऱ्हाळं एवढी मोठी नाहीत, त्यामुळे त्यांना हे बंधन नाही. तिथे दर बोलीवर ठरतो. वजनाची पावती आणि दराची चिठ्ठी ऊस तोडायच्या आधी हातात घेतली, तरच पुढे दाखवायला काही राहतं.