कामाला नियम आहे, भरतीला का नाही?

आपल्या समाजाला सरकारी नोकरीची ओढ आहे ती केवळ पगारासाठी नव्हे. तिथे नियम लिहिलेला असतो, पायरी ठरलेली असते, साहेबाच्या मर्जीला थोडा तरी लगाम असतो. परंतु जागा मोजक्या आणि उमेदवार लाखो. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत तिशी गाठलेल्या तरुणांनी आता कारखानदारीकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. ठरलेल्या पद्धतीने चोख काम करणे हा ज्यांचा स्वभाव आहे, त्यांच्यासाठी तिथे कामे आहेत.

औषध कारखान्याचेच उदाहरण घ्या. प्रत्येक बॅचची नोंद ठेवावी लागते. कच्चा माल किती घेतला, तापमान किती होते, काम कोणी केले, कोणी तपासले, हे सर्व सहीनिशी लिहायचे. जे लिहिले नाही ते झालेच नाही, असा त्या धंद्याचा दंडकच आहे. केमिकल प्लांटचा ऑपरेटर, प्रयोगशाळा सहाय्यक, ड्रॉइंगबरहुकूम माप काढणारा मशिनिस्ट, गेज लावून माल पास-नापास करणारा क्वालिटी इन्स्पेक्टर, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवणारा बॉयलर अटेंडंट, ही सगळी याच जातकुळीची कामे. आयटीआयमधून त्यांतल्या अनेकांची वाट जाते. इथे बोलघेवडेपणापेक्षा अचूकपणाला किंमत आहे. मायक्रोमीटर कोणाचे आडनाव वाचत नाही.

पण कारखान्याचे फाटक आडनाव वाचते, त्याचे काय? मुंबईच्या गिरण्यांतही कामाची पद्धत ठरलेली होती. तरीही जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांचा विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. काम कसे करायचे हे यंत्राने ठरवले होते, कोणी करायचे हे जातीने.

आजही ओळखीपाळखी आणि ठेकेदार यांच्या मार्फत होणारी भरती अलिखितच असते. जात लपते ती अलिखितातच. म्हणून कायद्याने जे लिहून दिले आहे ते तरी आपण वापरतो का? बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये, नोकरीच्या अटी लेखी करणारा स्थायी आदेशांचा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने केंद्रीय कायद्यातली शंभर कामगारांची मर्यादा तीनशेवर नेली. लहान कारखान्यातला कामगार त्यातून सुटला. मात्र त्याच दिवशी लागू झालेल्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेने प्रत्येकाला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते मागून घ्या.

याहून महत्त्वाची तरतूद शिकाऊ उमेदवारी कायद्यात आहे. खासगी नोकरीत आरक्षण नाही. परंतु १९७३ मध्ये आलेल्या कलम ३-अ नुसार शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण खासगी मालकालाही पाळावे लागते. तसेच २०१४ च्या दुरुस्तीने प्रशिक्षण संपलेल्यांना नोकरीत घेण्याचे धोरण मालकाने ठरवावे, असे म्हटले आहे. घेण्याची सक्ती नाही, पण धोरण काय, हे विचारता येते.

तेव्हा तरुणांनी ट्रेड निवडावा, हात तयार करावा. कार्यकर्त्यांनी शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा: आमच्या एमआयडीसीत ३-अ च्या जागा किती, भरल्या किती? मालाच्या प्रत्येक बॅचचा हिशेब ठेवणाऱ्यांना माणसांचा हिशेब देणे अवघड जाऊ नये.