घड्याळ मनगटावर चढवून बघू द्या

देवळ्याहून भावडबारी ओलांडून सोग्रस फाट्याला महामार्ग गाठायचा आणि नाशिकला उतरायचं, ही वाट नाशिक जिल्ह्याच्या कसमादे पट्ट्यातल्या लोकांच्या पायाखालची. बियाणं, दवाखाना, कॉलेजचा प्रवेश, लग्नाचा बस्ता अशी शहराची कामं ठरलेली असतात. त्या कामांतून तासभर काढून घड्याळाच्या दुकानात शिरणारी तरुण मंडळी हल्ली या भागातही आहेत. त्यांना घड्याळ आज घ्यायचं नसतं, बघायचं असतं. बहुतेक दुकानांना असा माणूस कसा वागवावा हे अजून उमगलेलं नाही. चपला, कपडे आणि गावाचं नाव यांवरून त्याचा अंदाज बांधला जातो आणि ट्रे बाहेर येतच नाही.

हे वेड उपरं नाही. जावयाच्या मनगटावर एचएमटी बांधण्यात सासऱ्याला धन्यता वाटे, तो काळ पाहिलेली माणसं घरोघरी आहेत. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या त्या कारखान्याने ‘जनता’ आणि ‘पायलट’ खेड्यापाड्यांत पोहोचवली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. रोज सकाळी आजोबांच्या घड्याळाला किल्ली देणारा नातू आता मोबाइलवर सबमरीनर आणि सीमास्टर या परदेशी घड्याळांतला फरक सांगतो. शिक्षण तेच पुढे चाललंय.

महागड्या स्पोर्ट्स घड्याळांच्या इतिहासात भारताचा वाटाही मोठा आहे. १९३० च्या सुमारास सेझार द त्रे हा स्विस व्यापारी भारतात आला असताना पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याच्यापुढे तक्रार मांडली, की खेळात घड्याळाची काच फुटते. त्यातून तबकडी उलटी फिरवून पोलादी पाठ बाहेर आणणारं ‘रिव्हर्सो’ घडलं. त्याच्या पेटंटचा अर्ज १९३१ मध्ये पॅरिसला दाखल झाला. ते घड्याळ जेजेर-लकुल्त्र आजही बनवते. भारतीय मैदानावरच्या गरजेतून जन्मलेलं हे घड्याळ नाशिक जिल्ह्यातल्या मुलाला हातात घेऊन, एकदा फिरवून बघता येऊ नये, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

हातात घेण्याचा आग्रह कशासाठी? कारण या घड्याळांचं बरंचसं कसब फोटोत उतरत नाही. जेराल्ड जेंटाने रेखाटलेलं ऑडेमार पिगेचं ‘रॉयल ओक’ १९७२ मध्ये आलं, तेव्हा पोलादाचं असूनही ते सोन्याच्या कित्येक घड्याळांहून महाग होतं. ती किंमत घडणावळीची होती. अष्टकोनी कडेचा वरचा भाग बारीक रेघांचा, त्याला लागून असलेली तिरकी धार आरशासारखी. मनगट जरा वळवलं की उजेड एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर सरकतो, आणि पैसे कुठे गेले ते तेव्हा कळतं. रोलेक्सने २०२० मध्ये सबमरीनर चाळीसवरून एकेचाळीस मिलिमीटरचं केलं. कागदावर ते वाढलं, पण पट्टा जोडणारे कान बारीक केल्याने हातावर तो फरक जाणवतो कुठे आणि लपतो कुठे, हे घातल्याशिवाय सांगता येणार नाही. त्याच्या बेझलचे, म्हणजे फिरत्या कडेचे, १२० टप्पे कानांनी आणि बोटांनीच मोजायचे असतात. २०२५ मध्ये आलेल्या ‘लँड-ड्वेलर’चा सेकंदकाटा सेकंदाला दहा ठोक्यांनी पुढे जातो. त्याच कंपनीच्या नेहमीच्या घड्याळांत हे ठोके आठ असतात. हा फरक डोळ्यांना दिसतो का, यावर शौकीन तासन् तास वाद घालतील. घालू द्यावा.

कांद्याच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीतला कांदा उचलून पत्ती, रंग, टणकपणा पाहतो आणि बोली न लावता पुढे जातो. उमराण्याच्या बाजारात याचा कुणाला राग येत नाही. मालाची पारख अशीच होते, घड्याळाचीही.

इथे मोठ्या कंपन्यांनाही जाब विचारायला हवा. गेल्या काही वर्षांत जगभरच्या रोलेक्स दुकानांत काचेमागची घड्याळं ‘फक्त प्रदर्शनासाठी’ ठेवलेली दिसतात. विक्रीचा माल प्रतीक्षायादीतून जातो आणि ती यादी कशी सरकते हे ग्राहकाला कळत नाही. पैसे असलेल्यालाही घड्याळ मिळत नसेल, तर बघायला आलेल्याला कमी लेखण्याचा अधिकार दुकानाला उरतोच कुठे? निदान प्रदर्शनातलं तरी मनगटावर चढवू द्यावं. ते त्यासाठीच तर ठेवलंय.

व्यापाराच्या बाजूनेही हिशेब साधा आहे. भारत आणि स्वित्झर्लंड धरून चार देशांचा एफ्टा गट यांच्यातला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क त्यानुसार सात वर्षांत टप्प्याटप्प्याने जाणार आहे. दहा लाखांवरच्या घड्याळाच्या खरेदीवर एप्रिल २०२५ पासून एक टक्का कर आगाऊ वसूल केला जातो, पण तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. म्हणजे आज पंचविशीत असलेला तरुण कमावता, स्थिरावलेला होईल तोवर ही घड्याळं आजच्यापेक्षा आवाक्यात आलेली असू शकतात. कांद्या-डाळिंबाच्या एखाद्या चांगल्या हंगामानंतर त्याची सुरुवात टिसोच्या ‘पीआरएक्स’सारख्या घड्याळानेही होईल. १९७८ चं हे डिझाइन कंपनीने २०२१ मध्ये पुन्हा आणलं, आणि पोलादी पट्टा घड्याळाच्या घडणीत कसा मिसळतो हे कमी पैशांत शिकायला ते उत्तम आहे.

नाशिकच्या दुकानांनी आठवड्यातली एखादी गर्दी नसलेली दुपार फक्त बघणाऱ्यांसाठी ठेवावी. मखमली ट्रे, हातमोजे, पारखी भिंग आणि घड्याळाची माहिती असलेला एक विक्रेता एवढं पुरे. खरेदीचा विषय विक्रेत्याने काढू नये. पट्ट्याच्या कड्या कमी-जास्त कशा करतात, स्क्रूची चावी नीट बसली नाही तर पाणी कसं शिरतं, ऑटोमॅटिक घड्याळ किती वर्षांनी उघडून साफ करावं, हे त्याने मराठीत समजावून सांगावं. सटाणा-कळवणची पोरं तेवढ्यासाठी पहाटेची गाडी धरतील.